तलंगा (तरुण कोंबड्या) पाच महिन्यांच्या झाल्या. त्यातली एक मऊ अंडं घालते, हात नेला की दबकून बसते, बाकीच्या तिची पिसं उपटतात. आजारी आहेत का?

तुम्ही लिहिलंय त्यावरून आजार वाटत नाही. पण खायला नुसती ज्वारी आणि तांदळाची कणी देता, हे वाचून मी थांबलो. तुमच्या तीनपैकी दोन तक्रारी तिथूनच येत असाव्यात.

आधी सोपी गोष्ट. हात नेल्यावर पंख जरा फुलवून जमिनीला चिकटते ती घाबरून नाही. वयात आलेली तलंग कोंबड्यापुढे अशीच बसते, आणि कोंबडा नसला तर माणसाच्या हातापुढे. तुरा लालबुंद झाला आणि हे बसणं सुरू झालं की समजायचं, अंड्यावर आली. बाकीच्यांपैकी जी अशी बसू लागेल, ती साधारण आठ-पंधरा दिवसांत घालायला लागेल.

आता मऊ अंडं. कोंबडीच्या पोटात अंडं तयार व्हायला चोवीस तासांपेक्षा थोडा जास्त वेळ लागतो, आणि त्यातले वीसेक तास नुसतं कवच चढण्यात जातात, तेही बरंचसं रात्री. नव्या तलंगेचं हे वेळापत्रक सुरुवातीला बसलेलं नसतं. म्हणून पहिले दोन-तीन आठवडे पापुद्र्याचं अंडं, लिंबाएवढं अंडं, बिनबलकाचं, दोन बलकांचं, काहीही निघतं. त्यानंतरही मऊच येत राहिलं तर मात्र कॅल्शियम कमी पडतंय. एका कवचात दोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम जातं, आणि ज्वारी-कणीत ते नावालाच असतं. मग कोंबडी स्वतःच्या हाडांतून काढून देते.

लेअर खाद्यात, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांसाठी मिळणाऱ्या तयार खाद्यात, साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असतं, ते सुरू करा. शिवाय शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा. खाद्यात कालवू नका, जिला हवा ती बरोबर खाते. आम्ही किनाऱ्यावरचे, शिंपले वेचून कुटतो. तुमच्याकडे कोंबडी खाद्याच्या दुकानात शेलग्रिट मागा. अंड्याची टरफलंही चालतात, पण भाजून अगदी बारीक करा. ओळखू येतील अशी टाकली तर अंडी फोडून खायची खोड लागू शकते. एक सांभाळा: ज्या तलंगा अजून अंड्यावर यायच्या आहेत त्यांना लेअर खाद्य फार आधीपासून देऊ नये, जादा कॅल्शियमने मूत्रपिंडं बिघडतात. तुमच्याकडे एक घालतेय आणि बाकीच्याही त्याच वयाच्या आहेत, म्हणून आता सगळ्यांना चालेल.

मला खरी काळजी पिसं उपटण्याची वाटते. रक्त दिसलं की कोंबड्या तिथेच टोचत राहतात, आणि शेपटीखाली टोचायला लागल्या तर आतडी बाहेर काढेपर्यंत थांबत नाहीत. तिला आजच वेगळी करा, पण नजरेआड नको. जाळीपलीकडे ठेवलीत तर परत सोडताना भांडणं कमी होतात. जखमेला खोबरेलात कालवलेली हळद लावा. दुकानात मिळणारं जांभळं औषध त्याहून बरं, कारण लाल रंग झाकला जातो. सुकल्याशिवाय परत सोडू नका.

मग कारण शोधा. ज्वारीत प्रथिनं दहा टक्क्यांच्या आसपास, कणीत त्याहून कमी, आणि अंड्यावरच्या कोंबडीला सोळा-अठरा लागतात. पीस हे प्रथिनच, तेव्हा कमतरता असली की पिसं खाल्ली जातात. खुराड्यात दाटी आहे का तेही बघा. रात्रीपुरतं दर कोंबडीला दोन चौरस फूट तरी हवं. पंखाखाली आणि शेपटीच्या मुळाशी पिसं बाजूला करून उवा तपासा. राखमातीचा खड्डा करून द्या. (पहिल्यांदा त्यात लोळताना बघाल तर झटका आलाय असं वाटेल. तो झटका नसतो.) दिवसभर चाळा म्हणून शेवग्याच्या पाल्याची जुडी मान उंचावून टोचावी लागेल अशी टांगा. दुकानदार चोच कापायला सांगेल, मी चार-सहा कोंबड्यांसाठी ते कधीच करणार नाही.

तपकिरी, चिकट, घाण वासाची विष्ठा अधूनमधून पडते ती नेहमीची. रक्त दिसलं, विशेषतः पावसात जमीन ओली असताना, तर रक्ती हगवणीची शंका घ्या. पेंग्विनसारखी ताठ उभी राहून कुंथत असेल तर अंडं अडकलंय. कोमट पाण्यात वीसेक मिनिटं बसवा, आणि तरी नाही आलं तर ओढाताण न करता डॉक्टरकडे न्या. मान पिळवटली, हिरवी हगवण लागली तर मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग. दोन-तीन एकदम मेल्या तर हात न लावता सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. 2006 साली नवापुरात बर्ड फ्लू आला होता, तेव्हापासून हे कोणी हलक्यात घेत नाही.

एक पाय पुढे, एक मागे टाकून पडली तर बहुधा मॅरेक हा विषाणूचा आजार, आणि त्यावर औषध नाही. त्याची लस पिल्लू निघालं त्या दिवशीच देतात. पिल्लं जिथून आणलीत त्यांना विचारून घ्या, ती दिली होती का, आणि मानमोडीची कधी दिली होती.