सर्दीच्या गोळीला ओळखपत्र कशाला?

(मागच्या अंकात आम्ही लिहिलं होतं की अमेरिकेत सर्दीच्या काही गोळ्या ओळखपत्र दाखवल्याशिवाय मिळत नाहीत आणि कोणी किती घेतल्या त्याची नोंद होते, कारण त्या गोळ्यांतून नशेचा माल बनवतात. त्यावर जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडून पत्रं आली. त्यातली चार इथे घेतो.)

प्रश्न : मी रिटायर्ड शिक्षक. मुलाकडे अमेरिकेला गेलो होतो, तिथल्या थंडीत नाक पार बंद, दुकानात गोळी मागितली तर बाईंनी लायसन्स मागितलं, माझ्याकडे पासपोर्ट होता तो दाखवला, कॉम्प्युटरमध्ये नाव घातलं, सही घेतली. चोर असल्यासारखं वाटलं हो. याचा खरंच काही उपयोग होतो का? — एक वाचक, अमळनेर

सर, वाईट वाटणं साहजिक आहे, पण तिथे ते सगळ्यांनाच करावं लागतं. त्या गोळीत स्यूडोएफेड्रिन असतं. नाकातल्या फुगलेल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि श्वास मोकळा होतो, औषध म्हणून ते उत्तमच आहे. पण त्याच्यात रासायनिक फेरफार केला की मेथॅम्फेटामीन नावाचा नशेचा माल होतो, ज्याला तिकडे नुसतं मेथ म्हणतात, आणि हे काम लोक घरातच करायला लागले, किचनमध्ये, गॅरेजमध्ये, लॉजच्या खोलीत. २००४ च्या सुमाराला तिथल्या पोलिसांना एका वर्षात वीस हजारांच्या वर असे अड्डे आणि त्यांनी टाकलेला केमिकलचा कचरा सापडत होता. स्फोट व्हायचे, आगी लागायच्या, आणि त्याच घरात झोपलेली लहान लेकरं भाजायची, विषारी वाफ त्यांच्या श्वासात जायची.

म्हणून २००५ चा कायदा आला, २००६ मध्ये लागू झाला. गोळ्या काउंटरच्या मागे गेल्या, एका माणसाला दिवसाला ३.६ ग्रॅम आणि तीस दिवसांत ९ ग्रॅम एवढीच मर्यादा, नोंद दोन वर्षं ठेवायची. ३.६ ग्रॅम म्हणजे ३० मिलिग्रॅमच्या शंभराच्या वर गोळ्या होतात सर, खऱ्या सर्दीवाल्याला एवढ्या कधीच लागत नाहीत, म्हणजे तुमच्यासारख्याचं अडत काहीच नाही, फक्त दोन मिनिटं जातात.

उपयोग झाला का, तर सुरुवातीला खूप झाला, घरगुती अड्डे झपाट्याने कमी झाले. मग टोळ्यांनी वाट काढली. एकाने ढीगभर गोळ्या घेण्याऐवजी वीस माणसं वीस दुकानांत पाठवायची, प्रत्येकजण मर्यादेत एकेक पाकीट घेणार, आणि कागदी वही या दुकानातली त्या दुकानाला दिसत नव्हती, त्यामुळे पकडणार कसं? म्हणून मग दुकानं कॉम्प्युटरवर जोडली, एनप्लेक्स नावाची सिस्टीम तीसहून जास्त राज्यांत आली, तुमचं नाव टाकलं की आधीची खरेदी लगेच दिसते आणि मर्यादा ओलांडत असेल तर तिथल्या तिथे विक्री थांबवायचा मेसेज येतो. ओरेगन आणि मिसिसिपी या दोन राज्यांनी तर डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायचंच बंद केलं, २००६ आणि २०१० मध्ये, आणि २०२२ मध्ये दोघांनीही ती अट काढली. न्यूझीलंडने २०११ मध्ये चिठ्ठी सक्तीची केली, २०२४ मध्ये परत मोकळं केलं.

का काढलं? कारण तोपर्यंत माल मेक्सिकोतून यायला लागला होता, मोठ्या कारखान्यात बनलेला, वेगळ्याच केमिकलपासून, त्याला सर्दीच्या गोळीची गरजच नाही. २०२१ मध्ये अमेरिकेत मुख्यतः मेथ असलेल्या उत्तेजक नशेच्या ओव्हरडोसने तीस हजारांच्या वर माणसं गेली. म्हणजे नोंदवहीने घरातल्या आगी थांबवल्या, व्यसन नाही थांबवलं. पण ज्या लेकरांच्या घरात तो अड्डा नाही राहिला त्यांच्यासाठी तेवढंही मोठंच आहे, असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : दादा, आते सर्दीनी गोळीले बी आधार कार्ड दाखाडनं पडी का? कापसाच्या दिवसात आमच्या घरात सगळ्यांची नाकं चोंदलेली असतात, पाकीटच आणून ठेवते मी. — एक ताई, पाचोरा तालुका

नाही ताई, तसा नियम आपल्याकडे नाही. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात काय लिहिलंय ते एकदा चष्मा लावून वाचा. आपल्याकडच्या बहुतेक सर्दीच्या गोळ्यांत पॅरासिटामॉल, क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन असतं. हे फेनिलेफ्रिन पुढे कसं आलं माहितीय का, अमेरिकेत स्यूडोएफेड्रिनवर बंधनं आली म्हणून कंपन्यांनी त्याच्या जागी हे टाकलं, कारण याच्यापासून मेथ होत नाही. पण पोटातून घेतलं तर नाक मोकळं करायला ते नुसत्या साखरेच्या गोळीपेक्षा सरस नाही, असं अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने २०२३ मध्ये सांगितलं आणि २०२४ मध्ये त्या प्रशासनाने ते काढून टाकायचा प्रस्तावही मांडला. गोळी घेतल्यावर बरं वाटतं ते बहुतेक बाकीच्या औषधांमुळे, आणि झोप येते ती क्लोरफेनिरामाइनमुळे, म्हणून गोळी खाऊन घरच्यांना ट्रॅक्टरवर बसू देऊ नका. चार वर्षांच्या आतल्या बाळाला क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेलं औषध द्यायचं नाही, केंद्राच्या औषध नियंत्रकांनी २०२३ मध्येच तसं लेबलवर छापायला सांगितलंय. बाळाला मिठाच्या पाण्याचे नाकाचे थेंब मिळतात, ते आधी विचारा. घरात कोणाला बीपी असेल तर स्यूडोएफेड्रिनवाली गोळी डॉक्टरला विचारल्याशिवाय नको.

प्रश्न : रोज पेपरात एमडी पकडलं, एमडी पकडलं. मग आपल्या सरकारने पण सर्दीच्या गोळ्यांची ऑनलाइन नोंद का सुरू करू नये? — कॉलेजचा विद्यार्थी, धुळे

भाऊ, प्रश्न चांगला आहे पण दोन गोष्टी एकत्र झाल्यात. एमडी म्हणजे मेफेड्रोन नावाचा नशेचा माल, ते सर्दीच्या गोळीतून बनत नाही, त्याची केमिकलं वेगळी. २०१५ मध्ये ते एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याच्या यादीत आलं आणि आता महाराष्ट्रात जे कारखाने सापडतात, २०२३ मध्ये नाशिकजवळ शिंदे गावात, २०२४ मध्ये दौंडकडे कुरकुंभला, ते एमडीचे होते. खान्देशातल्या प्रत्येक आजीची सर्दीची गोळी कॉम्प्युटरवर चढवली तरी त्या कारखान्यांना ढिम्म फरक पडणार नाही.

स्यूडोएफेड्रिन आणि त्याचंच भावंड एफेड्रिन, ज्यापासूनही मेथ होतं, यांचा धोका आपल्याकडे पोत्यात आणि ड्रममध्ये आहे. भारत या दोन्हीचा मोठा उत्पादक देश, इथून जगभर औषध कंपन्यांना माल जातो. २०१६ मध्ये सोलापूरजवळ चिंचोळी एमआयडीसीत ठाणे पोलिसांनी छापा टाकला तेव्हा एफेड्रिनचा साठा टनांत निघाला, टनांत! तेवढा माल गोळ्या फोडून गोळा करायला किती माणसं आणि किती वर्षं लागतील याचा विचार कर. म्हणून आपला कायदा वरच्या टोकाला धरतो. २०१३ च्या नियंत्रित पदार्थ आदेशाखाली ही केमिकलं बनवणाऱ्याने, विकणाऱ्याने, वापरणाऱ्याने नार्कोटिक्स कंट्रोल ब्युरोकडे नोंदणी करायची, हिशोब ठेवायचा, दर तिमाहीला कळवायचं, आणि मोडलं तर दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी. कागदावर हे चांगलंय. पण हिशोबाची वही आणि गोडाऊनमधला माल जुळतो का हे कोणीतरी जाऊन मोजायला पाहिजे, आणि माझा जीव तिथेच तुटतो, कारण वही नीट भरलेली असली की सगळे समाधानी होतात.

दुकानातल्या नोंदीचा खरा उपयोग आपल्या भागात दुसऱ्याच गोळीसाठी आहे. मालेगावची कुत्ता गोळी तू ऐकली असशील, नशेसाठी खातात ती, धुळ्यातही येते. ते अल्प्राझोलाम आहे, डॉक्टर झोपेसाठी, घाबरेपणासाठी देतात ते. ते शेड्यूल एच-वनमध्ये, म्हणजे चिठ्ठी आणि नोंद सक्तीच्या औषधांच्या यादीत येतं, २०१४ पासून मेडिकलवाल्याने वेगळी वही ठेवायची, डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं, आणि वही तीन वर्षं जपायची. कोडीनवालं खोकल्याचं सिरपही त्याच यादीत. अमेरिकेत वीस माणसं वीस दुकानांत पाठवायची जी युक्ती चालली ती इथे अजून चालते, कारण धुळ्याच्या दुकानातली वही शिरपूरच्या दुकानाला दिसत नाही. ऑनलाइन नोंद मागायचीच असेल तर ती या औषधांसाठी माग, मी तुझ्यासोबत आहे, फक्त त्यात गरजेपेक्षा जास्त माहिती घेऊ नये. आत्ताच्या वहीसाठी आधारची झेरॉक्स लागत नाही, तरी काही ठिकाणी मागतात आणि ती झेरॉक्स नंतर वडे बांधायला जाते.

प्रश्न : माझं गावाकडे छोटं मेडिकल आहे, एमपीची हद्द जवळ. अनोळखी पोरं येतात, एकाच गोळीची वीस-तीस पाकिटं बिलाशिवाय मागतात, जास्त पैसे देतो म्हणतात. मी नाही म्हटलं तर पुढच्या दुकानात जातील, धंदा त्याचा होईल. काय करू? — मेडिकल दुकानदार, चोपडा तालुका

दादा, देऊ नका. स्यूडोएफेड्रिन असो, अल्प्राझोलाम असो की कोडीन, बिलाशिवाय ढीगभर मागणारा माणूस पेशंट नसतो हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. नाही म्हणताना वाद घालू नका, माल नाही, ऑर्डर टाकावी लागेल, चिठ्ठी आणा, एवढं सांगितलं की तो निघून जातो. तो गेला की तारीख, वेळ, काय मागितलं, गाडीचा नंबर दिसला तर तो, एका डायरीत लिहा आणि जिल्ह्याच्या औषध निरीक्षकांना कळवा. पुढच्या दुकानात जाईल म्हणता ना, मग त्या दुकानदाराला पण फोन करा, तालुक्याच्या केमिस्ट असोसिएशनच्या ग्रुपवर टाका, माणसाचा फोटो टाकू नका, फक्त काय मागतोय ते टाका, म्हणजे चारही दुकानं एकच उत्तर देतील. आणि होलसेलकडून तुमच्याच नावावर न मागवलेला माल बिलात दाखवलाय का ते दर महिन्याला तपासा, छोट्या दुकानाच्या लायसन्सवर मोठा माल फिरवला तर अडकणार तुम्ही. निरीक्षकांकडे जायची भीती वाटत असेल तर केंद्राची मानस हेल्पलाइन आहे, १९३३ नंबर, चोवीस तास चालते, नाव न सांगताही माहिती देता येते.