मोठा सोफा, छोटा हॉल आणि अठरा हप्ते

पर्वरीहून एका वाचक भगिनींनी विचारलंय: "आम्हा दोघांचा मिळून हातात येणारा पगार ७८,००० रुपये. गृहकर्जाचा २७,५०० चा हप्ता धरून घरखर्च ५२,००० होतो, शिवाय १०,००० ची एसआयपी आहे. बचत खात्यात ७०,००० आहेत आणि दीड लाखाची एफडी फेब्रुवारीत संपते. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, हॉल १० बाय १५ फूट. शोरूममधला ९ बाय ६ फुटांचा एल शेप सोफा आवडलाय. किंमत १,१८,०००, अठरा महिन्यांचा नो कॉस्ट ईएमआय मिळतो. फोंड्याचे एक मेस्त, म्हणजे सुतार, तसाच ६८,००० ला करून देतो म्हणतात. ओळखीच्या एकांकडे जुना २५,००० ला आहे. चवथीआधी, म्हणजे गणेश चतुर्थीआधी, घरात यायला हवा, आणि पाहुणा आला तर एकाला झोपता आलं पाहिजे. एफडी मोडू, हप्ता घेऊ, की जुना घेऊ?"

एफडी मोडू नका, हप्ताही घेऊ नका. काम मेस्तांनाच द्या, पण एल शेपचं नाही. साडेसात फुटी सरळ सोफा आणि त्याच उंचीचं एक सुटं ऑटोमन, म्हणजे बिनपाठीची बैठक, करून घ्या. सगळं मिळून ५५,००० च्या आत. आणि चवथीची मुदत सोडा.

आधी त्या नो कॉस्ट हप्त्याचं बघू. १,१८,००० भागिले १८ म्हणजे महिन्याला ६,५५६ रुपये. व्याज वर्षाला १५ टक्के धरलं तर या हप्त्यांतून फिटणारं मूळ कर्ज साधारण १,०५,००० च होतं. उरलेले १२,९०० हे व्याजच आहे, फक्त ते दुकानदार किमतीतून सोडतो. म्हणजे रोख देणाऱ्याला तो सोफा १,०५,००० च्या आसपास द्यायला त्याला परवडतं. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतं. क्रेडिट कार्डवर हप्ते केलेत तर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी तुमच्याच माथी येतो, इथे सुमारे २,३०० रुपये. प्रोसेसिंग फी वेगळी. फायनान्स कंपनीच्या कर्जात व्याजावर जीएसटी नसतो, पण फी आणि कागदपत्रांच्या खर्चावर असतो.

ही रक्कम सोसता येईल हो. मला खटकतं ते दुसरंच. गृहकर्ज आणि सोफा मिळून हप्ते ३४,०५६ वर जातात, म्हणजे पगाराच्या जवळजवळ ४४ टक्के. आज खर्च आणि एसआयपी जाऊन तुमच्याकडे १६,००० उरतात, ते दीड वर्ष ९,४०० वर येतील. तेवढ्यात गाडीचं काम निघालं किंवा सोसायटीने रंगकामाची वर्गणी मागितली की आधी एसआयपी बंद पडते, आणि एकदा बंद केलेली एसआयपी सहसा पुन्हा सुरू होत नाही.

एफडी मुदतीआधी मोडली तर साधारण अर्धा ते एक टक्का व्याज कमी मिळतं. दीड लाखावर वर्षाला १,५०० रुपये गेले समजा. दंड किरकोळच आहे. पण ५२,००० गुणिले ३ म्हणजे १,५६,०००. ही एफडी म्हणजे तुमचा तीन महिन्यांचा आधार, आणि दुसरा आधार पत्रात कुठे दिसत नाही. दोघांपैकी एकाची नोकरी गेली तर सोफा विकून हप्ता भरता येत नाही. तेव्हा ५५,००० असे उभे करा: ३०,००० बचत खात्यातून, २५,००० पुढच्या दोन महिन्यांच्या शिलकेतून. खात्यात ४०,००० च्या वर राहतात आणि एफडीला हात लागत नाही.

आता आकार. हॉलची रुंदी १० फूट. एल शेपची ६ फुटी बाजू आडवी आली की ४ फूट उरतात. समोर १६ इंच खोलीचं टीव्ही युनिट असेल तर चालायला २ फूट ८ इंच. बाल्कनीचं दार त्याच बाजूला असलं तर रोज गुडघा आपटणार. एवढं करून बसतात किती? कोपऱ्यातल्या जागी पाय कुठे सोडायचे हा प्रश्न असतो, म्हणून सहा जणांचा म्हणून विकलेल्या एलवर पाचच जण नीट बसतात. गणपती घरी आणत असाल तर चौरंगाला आणि वर टांगायच्या फळाफुलांच्या माटोळीला जागा लागेल, तेव्हा हे धूड हलवायचं कुठे? ऑटोमन मात्र उजवीकडे, डावीकडे, पाहिजे तर बेडरूममध्येही सरकवता येतं, आणि सोफ्याला लावलं की पाय पसरायची हौसही भागते.

साडेसात फूट म्हणजे बाहेरून ९० इंच. हात ५ इंच जाडीचे ठेवायला सांगा. आत ८० इंच मिळतील, म्हणजे ६ फूट ८ इंच. पाहुणा पाय न दुमडता झोपेल, एरवी तिघे ऐसपैस आणि वेळ पडली तर चौघे बसतील. हल्ली शोरूममध्ये ९ इंची गुबगुबीत हातांची फॅशन आहे. दोन्ही हात मिळून १८ इंच खातात, आणि त्या इंचांचेही पैसे तुम्हीच देता.

मेस्तांचा दर काढून बघू. बैठकीची खोली ३ फूट धरली तर ९ बाय ६ चा एल म्हणजे एकूण १२ फूट लांबी. ६८,००० भागिले १२, म्हणजे फुटाला साधारण ५,६५० रुपये. साडेसात फुटांचे ४२,५०० होतात. दोन हातांचं काम लांबीबरोबर कमी होत नाही, म्हणून ४५,००० धरा. वर ३,००० चांगल्या प्लाय आणि फोमला घाला. ऑटोमन ७,००० त बसवा. पण ६८,००० मध्ये जीएसटी धरलाय का ते आधी विचारा, कारण १८ टक्के वेगळे असतील तर त्याचे ८०,२४० होतात. मेस्तांकडे नोंदणी नसेल तर ते जीएसटी लावू शकत नाहीत, तरी माप, साहित्य आणि रक्कम लिहिलेली सहीची पावती घ्याच.

गोव्यात सोफा मरतो तो ओलाव्याने. लाकडाचा भुसा दाबून केलेलं पार्टिकल बोर्ड किंवा एमडीएफ आत असेल तर दोन पावसाळ्यांत कडा फुगतात आणि स्क्रू धरत नाहीत. चौकटीला वाळवून मुरवलेलं लाकूड हवं. साग परवडला नाही तर जुना मुरलेला फणस किंवा मट्टी चालेल. तळाला आणि पाठीला बीडब्ल्यूआर ग्रेडचं, म्हणजे ओलावा सोसणारं प्लाय. मरीन प्लायचा आग्रह नको, सोफा काही पाण्यात ठेवायचा नाही. कोपऱ्यांना आतून त्रिकोणी ठोकळे, गोंद आणि स्क्रू हवेत, नुसते खिळे नकोत. ८० इंचांची पुढची पट्टी मधोमध वाकते, म्हणून मध्ये एक जास्तीचा पाय मागून घ्या. सगळे पाय ५-६ इंच उंच, म्हणजे खालून वारा फिरेल, लादी पुसता येईल आणि वाळवी आलीच तर वेळेवर दिसेल.

फोममध्ये फसवणूक सर्वांत सोपी, कारण तो कापडाखाली जातो. बैठकीला ४० डेन्सिटीचा एचआर, म्हणजे दबला तरी पुन्हा वर येणारा फोम मागा. हा आकडा म्हणजे एका घनमीटर फोमचं किलोतलं वजन, त्यामुळे तो काट्यावर तपासता येतो. २४ बाय २४ इंची, ५ इंच जाडीची गादी ४० डेन्सिटीची असेल तर साधारण १ किलो ९०० ग्रॅम भरते. ३२ ची दीड किलो, २३ ची जेमतेम १ किलो १०० ग्रॅम. खोळ चढण्याआधी किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवा. वजन बरोबर आलं तरी कोपरा बोटांत चुरगाळून बघा: पांढरी भुकटी सुटली तर वजन वाढवायला भुकटी मिसळलेला फोम आहे, तो लवकर तुटतो. रंगीबेरंगी तुकडे दाबून केलेला फोम तळाला एक इंच चालेल, सगळी बैठक त्याची केली तर फळीवर बसल्यासारखं वाटतं. पाठीवर वजन पडत नाही, तिथे २८ चा पुरे. वाचवायचं असेल तर तिथे वाचवा.

कापड साडेसात फुटीला ५४ इंच पन्ह्याचं ११ मीटरच्या आसपास लागतं, तुमच्या एलला १६-१७ लागलं असतं. चामड्यासारखं दिसणारं पीयू कापड इथे घेऊ नका. दमट हवेत त्याचा वरचा थर विरघळत जातो आणि तीन-चार वर्षांत पापुद्रे सुटून पाठीला चिकटतात. मखमलीवर बुरशी पटकन धरते. घट्ट विणीचं पॉलिस्टर, चेन लावून काढता येणाऱ्या खोळी, धुतल्यावर आक्रसणार नाही याची खात्री, एवढं पाहिलं की झालं. घरात आल्यावर सोफा बाहेरच्या भिंतीपासून चार इंच पुढे ठेवा आणि वरचं प्लास्टिक पहिल्याच दिवशी काढा.

चवथीची मुदत सोडा म्हटलं ते यासाठी. जुलै-ऑगस्टमध्ये लाकूड हवेतला ओलावा पितं, पॉलिश पांढरट पडतं, गोंद सुकायला वेळ घेतो. त्यात चवथीआधी प्रत्येक मेस्ताकडे कामांची रीघ, म्हणजे घाईत कोपरे खिळ्यांवरच भागणार. पावसात आवळलेले सांधे मार्चपर्यंत सैल होऊन करकरू लागतात. चवथीला येणाऱ्यांसाठी चार खुर्च्या भाड्याने आणा. ऑर्डर चवथ झाल्यावर द्या, चौकट ऑक्टोबरात, कापड दिवाळीनंतर. तोवर ते दोन महिन्यांचे २५,००० ही जमतील.

पैसे तीन टप्प्यांत द्या: ३० टक्के ऑर्डरला, ४० टक्के उघडी चौकट आणि फोम फोंड्याला जाऊन बघितल्यावर, ३० टक्के घरी बसून बघितल्यावर. चौकटीचे फोटो मोबाईलवर ठेवा. मेस्तांना माप देण्यापूर्वी दाराची उघडी रुंदी मोजा; तीन फुटी दार चौकट आणि पल्ला धरून ३३-३४ इंचच मिळतं. पाय काढल्यावर सोफ्याची उंची किंवा खोली, दोन्हींपैकी एक तरी त्याहून दोन इंच कमी हवी. साडेसात फुटी तुकडा लिफ्टमध्ये मावणार नाही असं धरा, आणि जिन्याच्या वळणावर टेप लावून बघा. वळत नसेल तर सोफा दोन भागांचा करून बोल्टने जोडायला सांगा, ते पहिल्या दिवशीच.

जुन्या सोफ्याबद्दल: २५,००० किंमत, त्यावर नवा फोम, ११ मीटर कापड, शिलाई आणि टेम्पो म्हणजे नव्याच्या जवळ पोचता, आणि चौकट कशाची ते माहीत नाही. तरी बघायला जाणार असाल तर सोफा उलटा करा, खालचं काळं कापड एका कोपऱ्यात सोडवा आणि नाक लावा. कुबट वास, लाकडाखाली बारीक पिवळसर भुसा किंवा शिवणीत काळे ठिपके दिसले तर फुकटसुद्धा आणू नका. ठिपके बहुधा ढेकणांचे असतात आणि ते बेडरूमपर्यंत पोचतात. चौकट सागाची आणि कोरडी निघाली तर १०,००० पर्यंत बोला, आणि फोम सगळा तिथेच सोडून या.