सॅम (तीव्र कुपोषित) मुलं खरी दाखवली की बोलणी बसतात

प्रश्न: मी मुख्यसेविका आहे, माझ्या देखरेखीखालच्या भागात, म्हणजे बीटमध्ये, पंचवीसेक अंगणवाड्या. प्रकल्प कार्यालयातल्या मॅडम म्हणतात पोषण ट्रॅकर अ‍ॅपवरच्या नोंदी शंभर टक्के करा, जिल्ह्यावरून येतं गृहभेटी वाढवा, आणि सेविका म्हणतात ताई रेंज नाही, टीएचआर (घरी न्यायचा आहार) वाटताना चेहरा स्कॅन होत नाही, एवढ्या मानधनात किती मरायचं. या महिन्यात नीट वजन-उंची घेतली तर सॅम मुलं वाढली आणि आढावा बैठकीत मलाच झापलं. आता एक सेविका विचारतेय, दोन सॅम मुलांना मॅममध्ये (मध्यम कुपोषित) टाकू का? काय सांगू?
— एक वाचक, विदर्भ

उत्तर: ताई, तिला आजच नाही म्हणून सांगा. बाकी सगळ्यात तडजोड होते, यात नाही. दंडघेर 11.5 सेंमीच्या खाली असलेलं मूल कागदावर मॅम झालं की व्हीसीडीसीतला (गावातलं बालविकास केंद्र) जादा आहार आणि डॉक्टरची तपासणी दोन्ही हुकतं, आणि पुढे काही झालं तर सही सेविकेची आणि तपासणी तुमची.

बैठकीला मात्र नुसता आकडा घेऊन जाऊ नका. किती मुलं व्हीसीडीसीत घेतली, किती एनआरसीला (पोषण पुनर्वसन केंद्र) पाठवली, किती घरं ऊसतोडीवरून किंवा वीटभट्टीवरून परत आली, आणि मुख्य म्हणजे मागच्या महिन्यात उंची किती मुलांची घेतली होती. तेव्हा निम्म्यांचीच घेतली असेल आणि आता सगळ्यांची, तर कुपोषण वाढलं की मोजणं सुधारलं हे साहेबांना विचारता येतं. (आकडा कमी दिसला की टाळ्या वाजवणाऱ्या बैठका मला कधी कळल्याच नाहीत.)

ट्रॅकर आणि गृहभेटी दोन्ही एका आठवड्यात बसत नसतील तर गुपचूप एक सोडू नका, नेमकं तेच कुणीतरी विचारतं. फिरती कार्यक्रम (दौऱ्यांचं वेळापत्रक) देतानाच मॅडमना लिहा, या आठवड्यात एंट्री आधी की सहा महिन्यांखालच्या बाळांच्या भेटी आधी, तुम्ही सांगा. व्हॉट्सअ‍ॅपवर चालेल, तोंडी नको. चिडतील कदाचित, पण मग निवड त्यांची असेल.

सेविकांचं म्हणाल तर मानधनासाठी डिसेंबर 2023 मध्ये राज्यभर संप झाला, तो प्रश्न तुमच्या हातातला नाही हे त्यांना सरळ सांगा, उगाच बघू बघू करू नका. हातात आहे ते बीट मीटिंग रेंज असलेल्या गावात घेणं आणि तिथेच सगळ्यांच्या एंट्र्या उरकणं. स्कॅन न झालेल्या लाभार्थ्यांची यादी तारखेसकट प्रकल्प कार्यालयात देऊन पोच घ्या, म्हणजे टीएचआर का वाटला नाही याचा जाब सेविकेला एकटीला द्यावा लागणार नाही.