हळदीचा अर्क घालण्याआधी

सांगली

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

साताऱ्याच्या लॅबमध्ये मानवी ओजीजी-१, म्हणजे डीएनएतला बिघडलेला भाग कापून काढणारं एन्झाइम, शुद्ध करून झालं, आता हळदीचा अर्क घालून डीएनए-दुरुस्तीचा वेग वाढतो का ते बघणार, असं तू कळवलंस. वाचून फार आनंद झाला. सांगलीच्या पोरीला हळद सुचावीच. पण अर्काला इतक्यात हात लावू नकोस. तुझ्या नळीतला डीएनए नेमका कुणी कापला, हे आधी शोध.

एन्झाइमचं जनुक माणसाचं असलं तरी ते बनवलंय ई. कोलाय या जिवाणूनं. दुरुस्तीच्या कामात हा जिवाणू मुरलेला आहे. ओजीजी-१च्या जातीचं पहिलं एन्झाइम टोमास लिंडाल यांना १९७४ साली त्याच्यातच सापडलं. पुढे २०१५च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. ऑक्सिजनच्या माऱ्यानं बिघडलेलं ग्वानिन (डीएनएतलं एक अक्षर), म्हणजे ८-ऑक्सोग्वानिन, काढून टाकायला ई. कोलायकडे स्वतःचं एफपीजी नावाचं एन्झाइम आहे. तुझं ओजीजी-१ही तेच करतं. प्रथिन गाळून शुद्ध करायच्या निकेलच्या कॉलममधून एफपीजीचा अंश सोबत आला, तरी तुकडे लांबीनुसार वेगळे दाखवणाऱ्या तुझ्या जेलवर डीएनएचा तुकडा पडलेला दिसेलच. प्रथिनाच्या जेलवर एकच पट्टा दिसतो म्हणून निर्धास्त राहू नकोस. एन्झाइमचा डोळ्याला न दिसणारा अंशसुद्धा काम करून जातो.

म्हणून निकामी ओजीजी-१ बनव. २४९व्या जागेवरचं लायसिन हे अमिनो आम्ल बदलून तिथं ग्लुटामिन आणलं की हे प्रथिन बिघडलेलं ग्वानिन धरतं, पण काढू शकत नाही. ते त्याच जिवाणूत वाढव, तशाच कॉलमवरून काढ, तेवढ्याच प्रमाणात वापर. त्यानंही डीएनए कापला, तर कापणारा दुसराच कुणी आहे. यात महिना गेला तर जाऊ दे. गाइडशी बोलायला संकोच करू नकोस, हवं तर हे पत्र त्यांना दाखव.

मग हळद. हळदीतलं पिवळं द्रव्य, कर्क्युमिन, निळ्या प्रकाशात स्वतःच हिरवट चमकतं, आणि तुझ्या ऑलिगोला, म्हणजे डीएनएच्या छोट्या तुकड्याला, लावलेला फ्लुओरेसिन हा रंगही तसाच चमकतो. त्यामुळे एन्झाइमशिवाय नुसता अर्क आणि ऑलिगो असलेली नळी हवीच. अर्क ज्यात विरघळवतेस ते डीएमएसओ नुसतं घातलेलीही हवी. पाण्यात कर्क्युमिनचे बारीक गोळे होतात, त्यांना प्रथिनं चिकटतात आणि एन्झाइम मंदावल्यासारखं वाटतं. किंचित ट्रायटन, म्हणजे साबणासारखं द्रव्य, घातल्यावर परिणाम नाहीसा झाला, तर तो बहुधा त्या गोळ्यांचाच होता. उलट वेग वाढलेला दिसला तरी लगेच हुरळू नकोस. ओजीजी-१ काम झाल्यावरही डीएनएला बराच वेळ धरून बसतं, म्हणून कापणं वेगानं झालं की नुसतं सुटणं, ते कळत नाही. एकच वेळ धरून मोजू नकोस. दर काही मिनिटांनी थोडं थोडं काढून त्यातली क्रिया थांबवत जा.

साठवणीचं तुला माहीत आहे. ५० टक्के ग्लिसरॉल, उणे २० अंश, व्होर्टेक्स यंत्रावर घुसळणं अजिबात नाही.

एवढं बजावण्याचं कारण आपलं हळदीचं मार्केट यार्ड आहे. 'हळदीनं डीएनए दुरुस्त होतो' हे वाक्य तुझ्या प्रबंधातून पाकिटावर जायला वेळ लागणार नाही, आणि आजारी माणूस त्यावर भरवसा ठेवेल. नळीत दिसलेलं शरीरात घडतंच असं नाही. तुझं एन्झाइम प्रयोगापुरतं आहे, हे प्रबंधात ठळक लिही.

दिवाळीला येशील तेव्हा जेलचे मूळ फोटो आण, कापून नीटनेटके केलेले नकोत. निकामी प्रथिनाचा जेल आधी बघू.

तुझी,
मॅडम