गद्धेगाळ: ‘गळ’ नव्हे, ‘गाळ’

शेताच्या बांधाजवळ खणताना निघालेल्या एका शिळेविषयी कोकणातील एका वाचकांनी विचारले आहे. शिळेच्या माथ्यावर चंद्रसूर्य आहेत, मध्ये झिजलेल्या ओळी आहेत आणि तळाशी स्त्री व गाढव कोरलेले आहे. अशा शिळेला ‘गधेगळ’ का म्हणतात आणि त्या ओळींत काय लिहिले असावे, असा त्यांचा प्रश्न आहे.

प्रथम ‘गधेगळ’ हे रूप सोडून द्यावे. हल्ली ते सर्रास कानावर पडते आणि दर वेळी खटकते. ‘गधा’ हा हिंदीचा शब्द आहे. संस्कृत ‘गर्दभ’ प्राकृतात ‘गद्दह’ झाला आणि त्याचे जोडाक्षर मराठीने ‘गद्धेपंचविशी’त आजही सांभाळले आहे, आपला ‘गाढव’ मात्र ‘गड्डह’ या दुसऱ्या प्राकृत रूपाच्या वाटेने आला.

खरी मौज ‘गद्धेगाळ’च्या उत्तरपदात, म्हणजे ‘गाळ’मध्ये, आहे. ‘वीरगळ’ (लढाईत पडलेल्या वीराची स्मारकशिळा) हा शब्द कन्नड ‘वीरगल्लु’वरून आला आणि त्यातला ‘कल्लु’ म्हणजे दगड, हे मान्यच आहे. परंतु तेवढ्या बळावर जे अभ्यासक इथेही दगडच शोधतात, त्यांनी ‘गाळ’ मधला काना कुठून आला ते आधी सांगावे. ही गाळ म्हणजे शिवी. भर्तृहरीच्या नावावर असलेल्या एका श्लोकात ‘ददतु ददतु गालीः’, म्हणजे ‘द्या, खुशाल शिव्या द्या’, असे शब्द येतात. ती ‘गालि’ मराठीत ‘गाळ’ झाली आणि ‘शिवीगाळ’ या शब्दात आपण ती रोज उच्चारतो. म्हणजे गद्धेपंचविशी आणि शिवीगाळ हे दोन घरगुती शब्द शेजारी ठेवले की सारा शब्द उलगडतो. दगड या अर्थाने शिळेच्या रूपाचा खुलासा होतो, तिच्या कामाचा होत नाही. आणि ही शिळा उभी केली जात असे ती दान मोडणाऱ्याला शाप देण्यासाठीच.

शिलाहार राजा अपरादित्याच्या शके ११०८ च्या परळ येथील लेखात मुख्य मजकूर संस्कृत आहे, पण शाप मराठीत आहे: ‘जो कोणु हुवि ए शासन लोपी’. इथे ‘शासन’ म्हणजे सरकार नव्हे, तर दानाची राजाज्ञा. ती जो मोडील त्याच्यावर सकुटुंब वैद्यनाथ देवाचा कोप ओढवेल, असे बजावून पुढे त्याच्या आईला गाढवाची गाळ दिली आहे. दान पंडितांच्या भाषेत आणि धमकी लोकांच्या भाषेत, ही योजना मला फार अर्थपूर्ण वाटते. ज्याला अक्षर येत नाही, त्याच्यासाठी तोच शाप तळाशी शिल्पात कोरलेला असतो.

आता त्या ओळींविषयी. त्या काळच्या नागरीत पृष्ठमात्रा आढळते, म्हणजे ‘दे’ची मात्रा ‘द’च्या आधी उभ्या रेघेसारखी येते. नवखा वाचक ती रेघ मागच्या अक्षराचा काना समजतो आणि ‘नाथदेवाची’चे ‘नाथादवाची’ करून बसतो. म्हणून शिळेवर खडू किंवा शेंदूर न लावता, सकाळच्या तिरप्या उन्हात छायाचित्रे घ्यावीत, पुरातत्त्व विभागाला कळवावे आणि वाचन तळाकडून सुरू करावे. ‘जो कोणु’ सापडले, तर वरच्या ओळींत दिलेल्या जमिनीचे आणि देणाऱ्याचे नाव शोधता येईल.