पेसीचं पुढे काय झालं

लेकरा,

परवा फोनवर तू पाऊण तास बोललास, त्यातला अर्धा तास ‘डॉसन्स क्रीक’वर. लातूरला कॉट बेसिसवर राहून नीटची तयारी करणारं पोरगं रात्री दोनला 1998 ते 2003 सालातली अमेरिकन मालिका बघायलंय म्हटल्यावर मी समजायचं ते समजलो. त्या मुलीचं नाव तू काढलं नाहीस, मीही विचारलं नाही.

‘सर, डॉसनवर अन्याय झाला,’ म्हणालास. डॉसनचं जोईवर प्रेम, पेसी त्याचा जिवलग दोस्त. तिसऱ्या पर्वाच्या शेवटी डॉसन जोईला जा म्हणतो आणि ती पेसीकडे निघाल्यावर ढसाढसा रडतो. त्या रडक्या चेहऱ्याचे पुढे मीम झाले. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. पण तुला ते रडणं तेवढं पाठ झालंय, पुढचं सगळं तू पळवत पाहिलंस.

पेसीचं बघ की. जोई ज्याला मिळाली म्हणून तू चरफडतोस, त्याचंही चौथ्या पर्वात तुटलंच. मधे तिसरं कुणी नव्हतं. ती अभ्यासात हुशार, हा कसाबसा पास होणारा. आपण तिच्या लायकीचे नाही असं त्याच्या मनानं घेतलं आणि प्रॉमच्या, म्हणजे शाळा संपतानाच्या नाचाच्या पार्टीच्या, रात्री सगळा राग तिच्यावरच काढला. नंतर तो बोस्टनला एका हॉटेलच्या किचनमध्ये कामाला लागतो. (पुढे शेअर बाजारात डॉसनचे पैसे बुडवतो, तेही खरं. शहाणपण काय एका दमात येतं का?) शेवटच्या भागात गावात स्वतःचं रेस्टॉरंट चालवतो. जोई त्याला पुन्हा मिळते, पण ती मिळाली म्हणून तो सुधारला असं मला वाटत नाही. तिनं निवडलं तोवर तो आपल्या पायावर उभा होता.

1989 साली मी औरंगाबादला होतो, तेव्हाच्या मराठवाडा विद्यापीठात. एक लग्नपत्रिका आली. मग रोज संध्याकाळी अंबाजोगाईची एसटी लागायच्या वेळेला स्टँडवर जाऊन उभा राहायचो. कशासाठी, ते आजही सांगता येणार नाही. एक दिवस मेसच्या मावशी म्हणाल्या, ‘उभंच ऱ्हायचंय तर हितं ऱ्हा, पोळ्या मोजू लाग.’ महिनाभर मोजल्या. दुःख होतं तिथंच होतं, पण भूक लागायला लागली.

तिचे मेसेज आजच पुसून टाक असं मी म्हणणार नाही. मात्र चॅटचे स्क्रीनशॉट रूमवरच्या पोरांच्या ग्रुपवर टाकले असशील तर आत्ता, हे पत्र बाजूला ठेवून काढ. तिलाही त्याच शहरात रोज क्लासला जायचंय. रिपीट करायचं का नाही, तेही या महिन्यात ठरवू नकोस.

रविवारी ये. शेतावर हुरडा आलाय, काकू शेंगदाण्याची चटणी कुटायलीय. मळके कपडे आण. आणि माझी छत्री. जूनपासून तुझ्याकडंच आहे.

तुझा,
सर