शाम्पू बार घेतेयस ना, मग आधी वडी उलटी कर

अगं पुढे शिकेकाई, कांदा, आवळा काय वाट्टेल ते छापलेलं असू दे, मागे घटकांमधलं पहिलं नाव बघ. सोडियम पामेट नाहीतर सोडियम कोकोएट असेल तर तो सरळ साबण, वर शाम्पू बार लिहिलं असलं तरी. सोडियम कोकॉइल आयसेथियोनेट दिसलं तर घे, तो केसांसाठी बरा.

फरक असा की साबणाचा पीएच ९-१० च्या आसपास आणि टाळूचा साडेपाचच्या जवळपास, त्यात तू घोडबंदरला, सोसायटीत टँकर नाहीतर बोअरचं जड पाणी आलं की त्यातलं कॅल्शियम साबणाला धरतं आणि केसांवर चिकट थर बसतो, कंगव्याच्या दातांत पांढरट मेणासारखं अडकलेलं दिसेल बघ. मग लोकं बोंबलतात बार सूट झाला नाही म्हणून! वरून व्हिनेगरचं पाणी घ्यायचा उपाय आहे, पण सकाळी लोकल पकडायची की हे करत बसायचं.

अंगाला साबण चालतो, फक्त टीएफएम (साबणातल्या एकूण स्निग्ध पदार्थाचं प्रमाण) ७६ टक्के किंवा वर असलेला ग्रेड १ बघ. 'बेदिंग बार' लिहिलेल्यात टीएफएम कमी असतो, तो वेगळा प्रकार. स्किन फारच कोरडी असेल तर अंगालाही सिंडेट बारच (म्हणजे साबण नसलेला, वर सांगितलेल्या आयसेथियोनेटवाला) वापर, महाग पडतो पण खाज तरी सुटत नाही.

आणि पावसाळ्यात आख्खी वडी बाथरूममध्ये ठेवू नकोस, गिळगिळीत होऊन अर्धी वाहून जाते. सुरीने तुकडे कर, एक जाळीच्या साबणदाणीत, बाकीचे कोरड्या डब्यात.